नेटवर्कबाहेरच्या आहारतज्ज्ञाची फी विम्यातून किती आणि कशी मिळेल?

न्यू जर्सीत राहणाऱ्या, त्रेचाळीस वर्षांच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. यंदाच्या तपासणीत त्यांचे एचबीए१सी, म्हणजे रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१ निघाले, एलडीएल कोलेस्टेरॉलही वाढलेले आढळले. आईला मधुमेह आहे, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांना आहारतज्ज्ञाकडे जायला सांगितले. विमा कंपनीच्या नेटवर्कमधील, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या, एका डाएटिशियनकडे त्या एकदा जाऊन आल्या. तिथून 'भात बंद, किन्वा सुरू, नाश्त्याला ग्रीक योगर्ट' असा छापील कागद घेऊन परतल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. पुढे मैत्रिणीने त्याच राज्यातल्या एका मराठी बोलणाऱ्या डाएटिशियनचे नाव सुचवले. तिचा सल्ला पटला, पण ती नेटवर्कबाहेरची आहे. पहिल्या तासाचे २०० डॉलर आणि पुढच्या अर्ध्या तासाच्या दोन भेटींचे प्रत्येकी ११०, असे ४२० डॉलर त्यांनी पदरचे भरले आणि तिन्ही क्लेम विमा कंपनीकडे पाठवले. पहिल्या भेटीचे कंपनीने फक्त ३५ डॉलर ग्राह्य धरले आणि दुसरीचे ७०, मात्र दोन्हींपैकी हातात काहीच आले नाही. तिसऱ्या बिलावर निदान म्हणून झेड ७१.३ हा एकच कोड होता आणि तो क्लेम सरळ नाकारला गेला.

विमा पतीच्या कंपनीचा आहे. पीपीओ प्लॅन, म्हणजे नेटवर्कबाहेरही जाण्याची मुभा असलेला; नेटवर्कबाहेरच्या उपचारांसाठी १,००० डॉलर डिडक्टिबल, म्हणजे भरपाई सुरू होण्याआधी वर्षात स्वतः सोसायची रक्कम, आणि त्यानंतर ६० टक्के भरपाई. पतींच्या मते भात कमी करायला कुणाला पैसे द्यायची गरज नाही. पुण्याची बहीण म्हणते, इथल्या डाएटिशियनशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोल, खूप स्वस्तात होईल. पती एच-१बी व्हिसावर आहेत, त्यामुळे अपील केले तर एचआरच्या डोळ्यांवर येऊ का, ही धास्ती वेगळीच. भगिनींनी विचारले आहे, "हप्ता दर पगारातून कापला जातो. मग आमचेच पैसे आम्हाला परत का मिळू नयेत? भांडत राहू की सोडून देऊ?"

*

तुम्ही आकडे आणि कोड नीट लिहून पाठवलेत, हे फार बरे केलेत, कारण उत्तराचा मोठा भाग त्यांतच आहे. तिन्ही क्लेम वाया गेले असे तुम्हाला वाटते आहे, परंतु त्या तिघांचे तीन वेगळे प्रकार झाले आहेत आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. त्यांपैकी एकावरही अजून भांडण्याची वेळ आलेली नाही.

दुसऱ्या भेटीपासून सुरुवात करतो, कारण तो क्लेम बिनचूक मंजूर झालेला आहे. डाएटिशियनने ११० डॉलर घेतले, कंपनीने त्या सेवेचा आपला दर ७० डॉलर ठरवला आणि ते ७० डॉलर तुमच्या डिडक्टिबलमध्ये जमा केले. कंपनीकडून येणाऱ्या हिशेबाच्या पत्रावर, म्हणजे ईओबीवर, 'कंपनीने दिलेली रक्कम: शून्य' एवढेच आपल्या नजरेत भरते आणि आपण कागद बाजूला सारतो. मात्र त्याच कागदावर दुसऱ्या एका रकान्यात ही जमा दाखवलेली असते. नकार असेल, तर त्याच्यापुढे कारणाचा कोड असतो आणि खाली त्याचे स्पष्टीकरण छापलेले असते. हे दोन्ही नीट ओळखता येऊ लागले की निम्मा मनस्ताप वाचतो.

पहिल्या भेटीत मात्र चूक झालेली दिसते आणि ती बहुधा बिलातलीच आहे. अर्ध्या तासाला ७० डॉलर ग्राह्य धरणारी कंपनी पूर्ण तासाला ३५ कसे धरील? आहारसल्ल्याच्या पहिल्या भेटीसाठी ९७८०२ आणि पुढच्या भेटींसाठी ९७८०३ हे कोड वापरतात, आणि हे दोन्ही कोड पंधरा मिनिटांच्या एककात मोजले जातात. एक तास म्हणजे चार एकके, अर्धा तास म्हणजे दोन. तुमच्या पहिल्या बिलावर कोडच्या पुढे एककांच्या जागी ४ ऐवजी १ पडला असावा. तसे असेल, तर कंपनीने तुम्हाला पंधरा मिनिटांचाच दर लावला आहे. बिल काढून पाहा. चूक सापडली, तर डाएटिशियनकडून दुरुस्त बिल घ्या आणि ते 'दुरुस्त क्लेम' म्हणून मूळ क्लेमच्या क्रमांकासह पाठवा. नव्याने पाठवलेत, तर तो आधीच्या क्लेमची नक्कल समजून बाद होण्याची शक्यता असते.

तिसऱ्या भेटीच्या बिलावरचा झेड ७१.३ हा कोड आहारविषयक सल्ला दिला एवढेच सांगतो, तो कशासाठी दिला हे सांगत नाही. आणि कशासाठी, हेच तर विमा कंपनीला हवे असते. प्रीडायबिटीजसाठी आर ७३.०३ हा कोड आहे, रक्तातील वाढलेल्या चरबीसाठी ई ७८ या गटातले कोड आहेत. एचबीए१सी ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असेल, तर त्याला प्रीडायबिटीज म्हणतात, तेव्हा तुमच्या ६.१ ला हे निदान लागू होते. मात्र निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे, डाएटिशियनचे नाही. म्हणून डॉक्टरांकडून निदानाच्या कोडसह लेखी रेफरल मागून घ्या. डाएटिशियन तेच कोड बिलावर घालील आणि हा क्लेमही दुरुस्त करून पाठवता येईल. इथे एक इशारा द्यायलाच हवा. "मधुमेह लिहिलात की पटकन पास होते," असा सल्ला आपल्या पार्ट्यांमधून आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून बिनदिक्कत दिला जातो. जे निदान झालेलेच नाही ते बिलावर लिहिणे ही फसवणूक आहे, आणि तुमच्या वैद्यकीय नोंदीत मधुमेह कायमचा चिकटून बसेल तो वेगळाच.

ज्या बिलाला इथे सुपरबिल म्हणतात, त्यावर आणखी काय हवे, तेही सांगून ठेवतो. तुमचे नाव, जन्मतारीख आणि विमा क्रमांक, भेटीची तारीख, डाएटिशियनचे नाव, पदवी आणि परवाना, तिचा दहा अंकी एनपीआय क्रमांक (आरोग्यसेवा देणाऱ्यांना मिळणारा राष्ट्रीय ओळख क्रमांक), तिचा कर क्रमांक, कोड, एकके, फी आणि ती तुम्ही भरल्याची नोंद, एवढ्या गोष्टी त्यावर असल्या पाहिजेत. भेट व्हिडिओवर झाली असेल, तर तीही बिलावर तशीच दाखवावी लागते. रुग्ण स्वतःच्या घरी असेल तर जागेचा कोड १० येतो. कार्ड स्वाइप केल्याची पावती क्लेमला पुरत नाही. एनपीआय क्रमांक सरकारी नोंदवहीत कुणालाही विनामूल्य तपासता येतो, आणि पहिल्या भेटीआधी तो तपासून घेणे कधीही चांगले. 'न्यूट्रिशनिस्ट' अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे रजिस्टर्ड डाएटिशियनची पात्रता असतेच असे नाही, आणि विमा कंपन्या बहुधा ती पात्रताच पाहतात.

आता तुमच्या पत्रातल्या मुख्य गृहीतकाकडे वळू. बिले नीट पाठवली की ६० टक्के परत येतील, असे तुम्ही धरून चालला आहात. हे ६० टक्के तुम्ही भरलेल्या फीचे नसतात. कंपनीने ठरवलेल्या दराचे असतात, आणि तेही डिडक्टिबल भरून झाल्यानंतर सुरू होतात. तुमच्याच आकड्यांवरून वर्षाचा हिशेब मांडून पाहू. वर्षभरात एक पहिली भेट आणि पुढच्या नऊ भेटी झाल्या असे धरू. तुमच्या खिशातून २०० आणि ९९० असे १,१९० डॉलर जातील. कंपनीच्या दराने मात्र पहिल्या भेटीचे १४० आणि नऊ भेटींचे ६३० मिळून ७७० डॉलरच होतात. तुमचे डिडक्टिबल १,००० डॉलर आहे. म्हणजे सगळे कागद निर्दोष असले, एकही क्लेम नाकारला गेला नाही, तरीही परतावा शून्यच. डिडक्टिबल ५०० डॉलर असते, तर उरलेल्या २७० डॉलरचे ६० टक्के, म्हणजे १६२ डॉलर मिळाले असते.

हे वाचून वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे. "आमचेच पैसे" असे तुम्ही लिहिले आहे, पण हप्ता म्हणजे बचत नव्हे, आणि अमेरिकेतल्या पीपीओ प्लॅनमध्ये नेटवर्कबाहेरची सोय ही मोठ्या खर्चाच्या प्रसंगासाठी ठेवलेली एक महागडी वाट आहे. दोनशे डॉलरच्या भेटींसाठी ती क्वचितच कामाला येते. एचएमओ आणि ईपीओ या नेटवर्कपुरत्या मर्यादित प्लॅनमध्ये तर आणीबाणी सोडल्यास ही वाट बहुधा नसतेच, त्यामुळे ज्या वाचकांचे प्लॅन तसे आहेत, त्यांनी सुपरबिलाच्या मागे लागण्याआधी आपल्या प्लॅनचे नाव एकदा वाचावे.

तरीही क्लेम पाठवणे सोडू नका. घरातल्या कुणाची याच वर्षात नेटवर्कबाहेर शस्त्रक्रिया झाली, थेरपी सुरू झाली किंवा महागडी तपासणी झाली, तर तुमच्या नावावर जमलेली रक्कम कौटुंबिक डिडक्टिबलमध्ये धरली जाऊ शकते. क्लेम पाठवण्याची मुदत प्लॅनप्रमाणे वेगळी असते. ती कागदपत्रांत पाहून ठेवा आणि डिडक्टिबलची मोजणी नव्या प्लॅन वर्षात पुन्हा शून्यावरून सुरू होते, हेही ध्यानात ठेवा.

मग पैसे वाचवायचे कसे? दोन वाटा मला दिसतात आणि त्या दोन्हींचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही.

पहिली वाट पतीच्या कंपनीतल्या एफएसए किंवा एचएसए खात्याची, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवण्याच्या खात्याची. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याने, मार्च २०२३ मध्ये प्रश्नोत्तरांच्या रूपात स्पष्ट केले, की डॉक्टरांनी निदान केलेल्या विशिष्ट आजारावर उपचार म्हणून आहारसल्ला घेतला असेल, तर तो वैद्यकीय खर्च मानला जातो. नुसत्या तब्येत राखण्याच्या सल्ल्याला ही सवलत नाही. त्या खुलाशात लठ्ठपणा आणि मधुमेह ही उदाहरणे दिलेली आहेत. तुमच्याकडे प्रीडायबिटीज आणि वाढलेल्या कोलेस्टेरॉलचे निदान असल्याने, वैद्यकीय गरजेबद्दल डॉक्टरांचे एक पत्र घेऊन फायलीत ठेवा, कारण खाते सांभाळणारी संस्था ते मागू शकते. या खात्यात गेलेल्या पैशावर केंद्रीय आयकर लागत नाही आणि पगारातून कापून गेले असतील तर सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची ७.६५ टक्के कपातही होत नाही. तुमचे कुटुंब २२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर १,१९० डॉलरवर सुमारे ३५० डॉलर वाचतात. वरच्या हिशेबात डिडक्टिबल निम्मे असते तरी विमा कंपनीकडून आले असते त्याच्या हे दुपटीहून जास्त आहे, आणि त्यासाठी कुणाशी वाद घालावा लागत नाही. मात्र एफएसएची रक्कम वार्षिक नोंदणीच्या काळात ठरवावी लागते आणि वर्ष संपताना उरलेल्या पैशांपैकी बराचसा भाग बुडू शकतो, तेव्हा अंदाज हात राखूनच करा. एचएसए काढायला त्यासाठी पात्र असलेला जास्त डिडक्टिबलचा प्लॅन लागतो. एकच रक्कम विम्याकडूनही आणि खात्यातूनही घ्यायची नाही, हे सांगायला नकोच.

दुसरी वाट नेटवर्कमध्येच परत जाण्याची आहे, आणि ती सुचवली की तुम्ही नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. तरी ऐका. अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट या आरोग्यविमा कायद्यानुसार, कायद्याआधीपासून चालत आलेले सवलतीतले काही प्लॅन वगळता, बाकी प्लॅनना प्रतिबंधक सेवा नेटवर्कमध्ये विनाशुल्क द्याव्या लागतात, त्यावर डिडक्टिबलही लागत नाही. कोणत्या सेवा, हे यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञगटाच्या 'ए' आणि 'बी' श्रेणीच्या शिफारशींवरून ठरते. कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाब वाढल्यामुळे हृदयविकाराचा धोका असलेल्या प्रौढांना आहार आणि व्यायामाविषयी समुपदेशन द्यावे, ही २०२० ची शिफारस 'बी' श्रेणीची आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा आकडा, ३० किंवा त्याहून अधिक असलेल्यांसाठी २०१८ ची वेगळी शिफारस आहे. म्हणजे जी सेवा नेटवर्कबाहेर तुम्हाला १,१९० डॉलरला पडते, तिच्यातला बराच भाग नेटवर्कमध्ये फुकट मिळण्याची शक्यता आहे. कंपनी वर्षात किती भेटी देते आणि त्यासाठी बिलावर कोणते कोड हवेत, ते आधी विचारून घ्या.

याच नियमात एक पोटकलम आहे. अशी प्रतिबंधक सेवा देऊ शकणारे कुणीही नेटवर्कमध्ये नसेल, तर प्लॅनला ती नेटवर्कबाहेरून घेऊ द्यावी लागते आणि तिचे पैसेही रुग्णाकडून घेता येत नाहीत. तुमच्या बाबतीत कंपनी म्हणेल की डाएटिशियन होती, तुम्हीच पुन्हा गेला नाहीत, आणि तिचे म्हणणे खोडणे अवघड जाईल. परंतु नेटवर्कची यादी छापील असते आणि प्रत्यक्ष वेगळीच असते. यादीतल्या दहाजणींना फोन केला, तर कुणी निवृत्त झालेली, कुणी नवे रुग्ण न घेणारी, कुणी रुग्णालयात दाखल असलेल्यांनाच पाहणारी निघते. एका वहीत तारीख, नाव आणि मिळालेले उत्तर लिहीत जा. सगळीकडून नकार मिळाला, तर ती वही हाताशी धरून कंपनीकडे 'गॅप एक्सेप्शन' मागता येते, म्हणजे नेटवर्कमध्ये सोय नसल्यामुळे बाहेरच्या तज्ज्ञाची फी नेटवर्कच्या अटींवर धरावी अशी विनंती. ती भेटीच्या आधी करावी लागते, झालेल्या भेटींना सहसा लागू होत नाही. मराठी बोलणारी, आपला आहार जाणणारी तज्ज्ञ हवी, हे कारण तिच्यात जरूर लिहा, पण तेवढ्या एका कारणावर मंजुरी मिळेल असे धरून चालू नका. आणि मंजुरी मिळाली, तर डाएटिशियन कंपनीच्या दराला तयार आहे का, हे तिच्याकडून लेखी घ्या, नाहीतर दरातला फरक ती तुमच्याकडून घेऊ शकते.

आता त्या किन्व्याबद्दल. एका भेटीवरून नेटवर्कमधल्या सगळ्याच डाएटिशियनना आपले जेवण कळत नाही, असा निष्कर्ष तुम्ही काढलात. तुमचा अनुभव खरा आहे आणि तो कागद बिनकामाचा होता, हेही मान्य. पण त्या भेटीत तुम्ही काय खाता ते तुम्ही किती सांगितलेत? आपल्याकडे डॉक्टरसमोर गप्प बसण्याची सवय असते; समोरची व्यक्ती विचारील तेवढेच सांगायचे आणि कागद घेऊन निघायचे. पुढच्या भेटीला आठवडाभराची नोंद घेऊन जा. सकाळी पोहे किती वाट्या, ज्वारीची भाकरी की गव्हाची पोळी, किती, वरणभातातला भात किती, चहा दिवसातून किती वेळा आणि त्यात साखर किती चमचे, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी असते की वरी, हे सगळे लिहा, जमल्यास ताटाचे फोटो काढा. भाकरी म्हणजे काय, हे ज्या डाएटिशियनला माहीत नाही, तिलाही ज्वारीचे पीठ किती ग्रॅम, हे सांगितले की कर्बोदकांचा हिशेब करता येतो. आणि एक गंमत म्हणून सांगतो, तुम्ही ज्याला नाक मुरडलेत ते ग्रीक योगर्ट म्हणजे सैलसर चक्काच की, फक्त त्याचे श्रीखंड करायचे नाही.

तरीही नाही जमले, तर यादीतल्या दुसऱ्या दोघींना भेटा. व्हिडिओवर सल्ला देणाऱ्यांमुळे निवड आता गावापुरती राहिलेली नाही, आणि न्यू जर्सीसारख्या राज्यात दक्षिण आशियाई आहार जाणणारी डाएटिशियन नेटवर्कमध्ये मिळणे अशक्य नाही. आणखी एक साधी गोष्ट. तुमच्या सध्याच्या मराठी डाएटिशियनलाच विचारा, की ती एखाद्या रुग्णालयामार्फत किंवा ऑनलाइन सेवेमार्फत तुमच्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये रुग्ण पाहते का, किंवा नेटवर्कमध्ये येण्यासाठी तिने अर्ज केला आहे का. हा प्रश्न विचारायला आपण उगाच संकोचतो.

तिच्याकडेच राहायचे ठरवलेत, तर वर्षाला दहा भेटी खरोखर लागतात का, हेही तिच्याशी बोला. पहिला तास आणि पुढे तीन-चार भेटी तिच्याकडे, बाकीचा नियमित पाठपुरावा नेटवर्कमध्ये, अशी विभागणी मला तुमच्या परिस्थितीत सर्वांत शहाणपणाची वाटते. सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा राष्ट्रीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम हा आणखी एक पर्याय आहे. वर्षभर चालणारा गटातला हा कार्यक्रम प्रीडायबिटीज असलेल्यांसाठीच आहे आणि त्यासाठीची बीएमआयची अट आशियाई वंशाच्या लोकांकरिता २५ ऐवजी २३ अशी खाली आणलेली आहे. अनेक प्लॅन त्याचा खर्च देतात. ज्या संशोधनावर तो उभा आहे, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन, आहार आणि व्यायाम यांकडे काटेकोर लक्ष दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले होते. "भात कमी करायला पैसे कशाला," असे पुन्हा ऐकू आले, तर पतींना हा आकडा जरूर सांगा. भात कमी करायचा हे सगळ्यांनाच माहीत असते, तो वर्षभर कमी ठेवायचा कसा, यासाठी माणूस लागते.

विमा कंपनीला फोन कराल, तेव्हा "आहारसल्ला कव्हर होतो का?" असा मोघम प्रश्न विचारू नका; त्याचे उत्तरही मोघमच येते. कोड सांगून विचारा. निदान आर ७३.०३ आणि कोलेस्टेरॉलचा कोड असताना ९७८०२ आणि ९७८०३ नेटवर्कबाहेर चालतात का, वर्षाला किती भेटी किंवा एकके, रेफरल किंवा पूर्वमंजुरी लागते का, तुमचा एका एककाचा दर काय, नेटवर्कबाहेरच्या डिडक्टिबलमध्ये आजपर्यंत किती जमा झाले. शेवटी फोनचा संदर्भ क्रमांक मागून घ्या आणि बोलणाऱ्याचे नाव टिपून ठेवा. दर फारच कमी वाटला, तर फेअर हेल्थ या ना-नफा संस्थेच्या संकेतस्थळावर तुमच्या पिनकोडमध्ये त्या कोडला साधारण किती आकारले जाते, ते पाहता येते. अपिलात त्या आकड्याचा उपयोग होतो, मात्र प्लॅनच्या कागदात दर ठरवण्याची वेगळी रीत लिहिलेली असेल, तर कंपनी तिच्याकडेच बोट दाखवील.

अपिलाची वेळ आलीच, तर घाबरण्याचे कारण नाही. खाजगी कंपनीच्या बहुतेक विमा योजनांना नोकरीतल्या लाभांविषयीचा १९७४ चा एरिसा हा केंद्रीय कायदा लागू असतो. त्याखाली नकार मिळाल्यापासून अपील करायला किमान १८० दिवस मिळतात, झालेल्या उपचाराच्या अपिलावर सर्वसाधारणपणे ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आणि ज्या कागदपत्रांच्या आधारे नकार दिला, त्यांच्या प्रती तुम्हाला विनामूल्य मागता येतात. नकार वैद्यकीय गरजेच्या मुद्द्यावर असेल आणि अपीलही फेटाळले गेले, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र परीक्षणाची मागणी करता येते, आणि त्याचा निर्णय प्लॅनवर बंधनकारक असतो. तुमच्या तिसऱ्या क्लेमला यातले काही लागेल असे मला वाटत नाही. दुरुस्त बिलाने काम व्हावे. तरी १८० दिवसांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण दुरुस्त क्लेम पाठवल्याने ती मुदत पुढे सरकते असे नाही.

एचआरची धास्ती समजण्यासारखी आहे, विशेषतः ज्या घराचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो तिथे. पण क्लेम आणि अपील विमा कंपनीकडे जाते, पतीच्या साहेबांकडे नाही. विमा योजनेतली आरोग्याची माहिती नोकरीविषयक निर्णयांसाठी वापरायला एचआयपीएए (हिपा) या आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याची मनाई आहे, आणि योजनेखालचा हक्क वापरला म्हणून कर्मचाऱ्यावर किंवा लाभार्थीवर सूड उगवण्यास एरिसाच्या ५१० व्या कलमाने बंदी आहे. तो हक्क पतीचा आहे तसा तुमचाही आहे. नोकरीतून मिळालेला खाजगी विमा वापरणे म्हणजे सरकारी मदत घेणे नव्हे, तेव्हा पुढे ग्रीन कार्डच्या वेळी 'पब्लिक चार्ज'चा, म्हणजे अर्जदार सरकारी मदतीवर अवलंबून राहील का हा, प्रश्न यातून निघत नाही. एचआरकडे एकच गोष्ट विचारावी लागेल. योजनेतले क्लेम पतीची कंपनी स्वतःच्या पैशातून भरते, की योजना विमा कंपनीकडून विकत घेतली आहे? पहिल्या प्रकारात न्यू जर्सीचे विमाविषयक कायदे लागू होत नाहीत आणि तक्रार केंद्रीय कामगार खात्याकडे करावी लागते, दुसऱ्या प्रकारात राज्याच्या बँकिंग आणि विमा खात्याकडे. हा प्रश्न कुठलाही कर्मचारी सहज विचारू शकतो, त्यात आजाराचा उल्लेखही करावा लागत नाही.

ज्यांचे आईवडील इथे मेडिकेअरवर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यावर, आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात: त्याच्या पार्ट बी या भागामध्ये मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारासाठी, तसेच मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांपर्यंत, डॉक्टरांच्या रेफरलवर आहारसल्ला विनाशुल्क मिळतो, पहिल्या वर्षी तीन तास आणि पुढे दरवर्षी दोन. नुसत्या प्रीडायबिटीजला तो लागू नाही.

राहिली बहिणीची सूचना. पुण्याच्या डाएटिशियनकडे एनपीआय नसतो, न्यू जर्सीतला परवाना नसतो, त्यामुळे तिच्या फीचा क्लेम इथल्या विम्यातून मिळेल अशी आशा ठेवू नका. पण तुमच्या यंदाच्या हिशेबात इथल्या डाएटिशियनचा परतावाही शून्यच आहे, हे लक्षात घेतले तर बहिणीचे म्हणणे अगदीच टाकाऊ ठरत नाही. तिच्याकडे इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डाएटिशियन) पात्रता आहे का, तुमचे रक्ताचे अहवाल ती मागते का, आणि पावडरी किंवा पॅकेज विकते का, एवढे आधी विचारून घ्या. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले, तर तिथेच थांबा. आणि पुढे कधी औषध सुरू झाले, तर इथल्या डॉक्टरांशी थेट बोलू शकणारी तज्ज्ञ लागेल, तेव्हा तिच्या भरवशावर इथली वाट बंद करू नका.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ओळींमधून ती मला जाणवली. विमा कंपनीने पैसे दिले, तर हा खर्च योग्य होता हे घरात सिद्ध होईल, अशी तुमची आशा दिसते. ती विमा कंपनीवर सोपवू नका. कंपनी फक्त कोड आणि डिडक्टिबल पाहते, तुमचे एचबीए१सी का वाढले याच्याशी तिला काही देणेघेणे नाही. पतींशी बोलताना क्लेमचा विषय बाजूला ठेवा आणि वरचा वर्षाचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. आकड्यांवर चर्चा करणे त्यांना सोपे जाईल. या आठवड्यात डॉक्टरांकडून निदानाच्या कोडसह रेफरल आणि वैद्यकीय गरजेचे पत्र, अशा दोन गोष्टी मागून घ्या. पहिल्या आणि तिसऱ्या बिलाच्या दुरुस्तीसाठी डाएटिशियनला ईमेल करा, आणि पतींना विचारा की एफएसएची नोंदणी त्यांच्या कंपनीत कोणत्या महिन्यात उघडते.